केतकीच्या खोलीतली हवा

५ जुलै, शनिवार

ही वही मोरिता-सान यांच्या सल्ल्यावरून. ऑफिसात ते माझ्या शेजारी बसतात. वय अठ्ठावन्न. कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक करण्याचा नाद त्यांना तीस वर्षांपासून आहे, हे मला त्यांच्या शेजारी अकरा वर्षं बसल्यावर परवा कळलं. म्हणाले, "नचिकेत-सान, एका वेळी एकच बदल करा आणि लिहून ठेवा. नाहीतर कशामुळे काय झालं ते कधीच कळत नाही."

मशीन केतकीचं. माझ्या मुलीनं पंधराव्या वर्षी आकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून एकेक भाग आणून ते जुळवलं. प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, हा तिचा खेळ. पळवला की तापतो, फार तापला की स्वतःच मंदावतो किंवा मशीन बंद पाडतो. म्हणजे खेळ वेगाचा वाटला तरी असतो थंडाव्याचा. तिनं तो ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत नेला होता. तिला ५.५ हवा होता. तेवढ्यात पुण्याला तिची आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि गेल्या २८ सप्टेंबरला माझी बायको अनुराधा केतकीला घेऊन तिकडे गेली. दोन महिन्यांसाठी. आता दहावा चालू आहे.

जपानचा नियम असा की बाहेर गेल्यावर वर्षाच्या आत परत पाऊल ठेवलं नाही तर इथलं रेसिडेन्स कार्ड बाद होतं. अनुराधानं मे महिन्यातच सांगितलं की आईला टाकून ती येऊ शकत नाही. शिवाय तिला तिकडे कॉलेजात नोकरी लागली आहे. केतकीचं विचारलं तर म्हणाली, "तिचं ती ठरवेल. लहान आहे का आता?"

केतकीला मी विचारलेलं नाही. बापानं विचारलं म्हणजे ये म्हटल्यासारखंच होतं, आणि मला तिच्यावर दबाव टाकायचा नाही. त्यापेक्षा २८ सप्टेंबरच्या आत मशीन ५.५ वर नेऊन दाखवतो. ते बघायला ती आपणहून येईल.

६ जुलै, रविवार

खोली ३१ अंश. वेग ५.३ लावून चाचणी सुरू केली. चौथ्या मिनिटाला ९८ अंश आणि पडदा काळा. कॅबिनेट उघडलं तर आत धूळ, एक केसांचा रबर आणि केतकीचा एक लांब केस पंख्याला गुंडाळलेला. धूळ काढली. केस काढताना उगाचच वाईट वाटलं. तो काही उपयोगाचा नव्हता, तरी टाकवेना. वहीच्या पहिल्या पानात ठेवला आहे.

१३ जुलै, रविवार

मागचा पंखा नवा बसवला आणि तापमान सहा अंशांनी वाढलं. दोन दिवस डोकं फोडून घेतलं. आज एक वाजता पुण्याचा फोन. केतकीला सांगितलं.

"बाबा, ॲरो बघितलास का?"

"कसला?"

"पंख्याच्या कडेला ॲरो असतो. हवा कुठे जाणार ते. तू उलटा लावलास. तो गरम हवा आत ओढतोय." मग जी हसत सुटली ती थांबेचना. मागून अनुराधाचाही आवाज आला, "काय झालं गं?" मीही हसलो. एवढं एका फोनवर आम्ही तिघं कधी हसलो होतो आठवत नाही.

फोन ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "एकटं वाटतं का रे तुला?"

"छे. वेळ कुठे आहे? मशीन आहे ना," मी म्हटलं. हे चांगलं सुचलं. मुलांच्या डोक्यावर आपलं ओझं कशाला.

२१ जुलै, सोमवार

सुट्टी. पंखा सुलटा केला, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली. ५.३ वर ९१ अंश, पंधरा मिनिटं टिकलं. दिवसभरात कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, काउंटरवरच्या मुलीशी एकदा बोललो. तिनं पिशवी हवी का विचारलं, मी नको म्हटलं.

२५ जुलै, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत मोरिता-सान यांनी टिश्यू पेपरवर चित्र काढून दिलं. म्हणाले, कॅबिनेटमधली हवा नीट झाली, आता खोलीची बघा. थंड हवा आत येते, गरम बाहेर जाते, या दोघींची गाठ पडू देऊ नका. मशीन कोपऱ्यात कोंडलेलं असेल तर ते आपलाच सोडलेला श्वास पुन्हा घेत बसतं.

त्यांच्या घरी कोण कोण आहे, हे विचारायचं मनात होतं. विचारलं नाही. इथे असं विचारत नाहीत.

३ ऑगस्ट, रविवार

आज फार हुशारीचं काम केलं. हवा दिसत नाही, मग धूर दिसेल. देवघरातली उदबत्ती घेतली, एसी लावला आणि धूर कुठून कुठे जातो ते बघत खोलीभर फिरलो.

केतकीचा पलंग उंच आहे. शिडी चढून वर झोपायचं, खाली टेबल, टेबलाखाली मशीन. एसी समोरच्या भिंतीवर. धूर एसीपासून छान सरळ येतो, पलंगाच्या फळीला आपटतो आणि वर छताकडे जातो. खाली मशीनपाशी हवा जागची हलत नाही. तिथे उदबत्ती धरली तर धूर उभाच्या उभा. रोग सापडला.

तेवढ्यात छतावरचा अलार्म जपानीत आग लागल्याचं ओरडू लागला. शेजारच्या होसोया-सान बाई दारात आल्या. सत्तरीच्या आहेत, एकट्या राहतात. हातात उदबत्ती घेतलेला घामाघूम माणूस बघून त्यांचा काहीतरी गैरसमज झाला असावा, कारण त्यांनी हात जोडले आणि घरात कोणाचं काही झालं का, असं हळू आवाजात विचारलं. मी म्हटलं, नाही, कॉम्प्युटरसाठी आहे. त्या बराच वेळ वाकून उभ्या राहिल्या.

९ ऑगस्ट, शनिवार

पलंग सरकवून पाहिला. खिडकीकडे नेला तर दार उघडत नाही, दाराकडे नेला तर खिडकी. खोलीच साडेचार चटयांची, म्हणजे जेमतेम नऊ बाय नऊ फुटांची, सरकवणार किती.

पलंग काढून टाकायचा असं ठरवलं. ती सातवीत असताना घेतलेला. आता ती सतरा वर्षांची आहे, शिडी कशाला चढेल? आल्यावर तिच्या पसंतीचा नवा घेऊ. तोवर दिवाणखान्यात गाद्या आहेतच.

१६ ऑगस्ट, शनिवार

पलंग गेला. मोठ्या कचऱ्याची, सोदाइ-गोमीची, तारीख नेटवरून घेतली, कोन्बिनीतून पैसे भरल्याचे स्टिकर आणले, त्यावर नाव लिहिलं. फळ्यांच्या आतल्या बाजूला केतकीनं पेन्सिलनं दरवर्षीची वाढदिवसाची तारीख लिहून ठेवलेली निघाली, हे मलाही माहीत नव्हतं. फोटो काढून ठेवला.

सकाळी आठच्या आत सगळं लिफ्टनं खाली नेलं. होसोया-सान बाई भेटल्या. पलंगाकडे बघून म्हणाल्या, "साबिशी देस ने." एकटं वाटत असेल, नाही. मी म्हटलं, नाही नाही, जुना झाला होता.

नवव्या मजल्यावरून बघत उभा राहिलो. ट्रकनं पलंग आत घेऊन दाबला, त्याचा आवाज वरपर्यंत आला. तो आवाज आवडला नाही.

पण आकडे बघा: ५.४, ८९ अंश, तीस मिनिटं.

२४ ऑगस्ट, रविवार

केतकीचा फोन चार मिनिटं. घाईत होती. कसलीतरी परीक्षा आहे म्हणे, ऑनलाइन. कॉलेजची असेल. मध्येच म्हणाली, "बाबा, माझी खोली कशी आहे?"

"सरप्राइज आहे," मी म्हटलं.

"कसलं सरप्राइज?"

"सांगितलं तर सरप्राइज कसलं. आल्यावर बघ." आल्यावर हा शब्द मुद्दाम घातला. ती हसली. मला आशा वाटली. पुन्हा तेच विचारलं तिनं, एकटं वाटतं का. पुन्हा तेच सांगितलं.

७ सप्टेंबर, रविवार

टेबल गेलं. पुस्तकांचं कपाट गेलं, पुस्तकं खोक्यांत. गालिचा गेला, धूळ त्याच्यातूनच यायची. मोठा, पाण्यावर चालणारा कूलर आणला. मशीन आता खोलीच्या मधोमध, एका लाकडी पाटावर. चारही बाजू मोकळ्या. उदबत्तीचा धूर एसीपासून निघतो, मशीनमधून जातो आणि उघड्या दारातून बाहेर पडतो, कुठेही अडत नाही. अलार्मवर आता आधी प्लास्टिकची पिशवी बांधतो.

पुण्याचा फोन आला नाही. आजीला दवाखान्यात न्यायचं होतं.

१४ सप्टेंबर, रविवार

५.५. तीस मिनिटं. ८४ अंश.

दोन वाजून दहा मिनिटांनी झालं. मी उठून उभा राहिलो. मग लक्षात आलं की उभं राहून करायचं काय. पुण्याला फोन केला, कोणी उचलला नाही. अनुराधाचा मेसेज आला, बाहेर आहोत. कालव्याच्या कडेनं तासभर चालून आलो. एवढा आनंद आणि एवढा कंटाळा एकाच दुपारी मी कधी अनुभवला नव्हता.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मोरिता-सान यांना आकडा दाखवला. त्यांनी खुर्चीतून उठून अभिनंदन केलं. मग विचारलं, "आता ते मशीन वापरणार कोण?"

"मुलगी."

"कधी येणार?"

"ठरायचं आहे," मी म्हटलं. ते मान हलवून आपल्या पडद्याकडे वळले.

संध्याकाळी केतकीचा मेसेज: २४ ला सकाळी नारिता एअरपोर्ट, तिकीट काढलं. मुदतीच्या चार दिवस आधी. स्टेशनवर उभा राहून तीनदा वाचला. ५.५ नं काम केलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

रजा काढली. ती बाहेर आली तेव्हा क्षणभर ओळखलीच नाही, एवढी उंच झाली आहे. दोन मोठ्या बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. वर थंडीतला जाड कोट हातावर. मशीन बघून, कार्ड राखून चार दिवसांत परत जाईल असं मी धरलं होतं. म्हटलं, "चार दिवसांसाठी एवढं?"

"चार दिवस कोण म्हणालं?"

"मग रिटर्न कधीचं आहे?"

"अजून नाही काढलं. बघू," म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. ट्रेनमध्ये सगळा वेळ बोलत होती, अर्धं मराठी, अर्धं जपानी.

घरी आल्यावर बूट काढून पहिल्यांदा खोलीकडेच धावली. मी मागे. दारात थांबली. मला वाटलं, थक्क झाली.

"बाबा, माझा बेड?"

"काढला. एसीची हवा अडत होती. तुला लहानच होत होता तो."

"डेस्क? बुक्स?"

"डेस्क काढला. पुस्तकं खोक्यांत आहेत, सगळी." मग मी तिला धुराची वाट समजावून सांगितली, कूलर दाखवला, चाचणी लावून दिली. ती जमिनीवर मांडी घालून बघत बसली. ८४ वर आकडा स्थिर झाल्यावर हळूच म्हणाली, "सुगोई. खरंच छान केलंस रे."

"मग? सरप्राइज कसं आहे?"

"मस्त आहे." थोड्या वेळानं, "बाबा, खरं सांग. एकटं नाही ना वाटत तुला?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "बघ ना, किती कामं होती."

"हं. आईला मी तेच सांगते, बाबा मॅनेज करतोय." हे ऐकून बरं वाटलं. वर्षभर जे सांगायचा प्रयत्न करत होतो ते तिला एकदाचं पटलं.

जेवणानंतर तिनं फोनवर रिटर्न तिकीट काढलं, ३० तारखेचं. म्हणाली, कॉलेज बुडतंय.

२७ सप्टेंबर, शनिवार

तीन दिवस छान गेले असं म्हणायला हरकत नाही. रामेन खाल्लं, तिच्या जुन्या मैत्रिणी भेटल्या. दिवाणखान्यात गादी घालून झोपते. बॅगा तशाच बाहेर उभ्या आहेत. फक्त चिवडा आणि लोणचं काढलं, बाकी उघडल्याच नाहीत. न उघडायला एवढं वजन कशाला आणायचं, कळत नाही. मुलींचं सामान.

नव्या पलंगाचं कॅटलॉग तिच्यापुढे ठेवलं. म्हणाली, "राहू दे ना, हवा अडेल." तिला मशीनची एवढी काळजी आहे बघून गंमत वाटली.

३० सप्टेंबर, मंगळवार

नारिताला पोचवून आलो. चेक-इनची रांग पाऊण तासाची. ट्रॉलीला हात लावून तिच्याबरोबर उभा होतो. ती सारखी माझ्याकडे बघत होती. काही हवंय का विचारलं, तर म्हणाली, "नाही. तुला काही बोलायचंय का?" मी म्हटलं, पोचल्यावर मेसेज कर.

परवा अनुराधाच्या कार्डाची मुदत संपली. तीही फोनवर काही म्हणाली नाही, मीही नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

बाहेर हवा थंड झाली आहे. खिडकी उघडी ठेवून चाचणी घेतली. ५.५ वर ७९ अंश. आजवरचा सगळ्यात चांगला आकडा. कुणाला सांगावं कळेना, म्हणून इथे लिहितो. मला मुळीच आनंद झाला नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी ऑफिसात फोन. केतकीच्या इथल्या जुन्या भारतीय शाळेतल्या गीता मॅडम, प्रवेशाचं काम बघतात. म्हणाल्या, "विथड्रॉअल फॉर्मवर तुमची सही हवी होती. शुक्रवारपर्यंत चालेल."

"कसला फॉर्म?"

"केतकीची अकरावीची सीट आपण येत्या चौदा तारखेपासून ठेवली होती ना. तिनं एक तारखेला मेल केला, येत नाही म्हणून."

मी म्हटलं, काहीतरी चूक होतेय, ती फक्त कार्डासाठी आली होती. त्या म्हणाल्या, "नाही हो. ऑगस्टमध्ये ऑनलाइन टेस्ट दिली तिनं. अर्जावर मिसेसची सही आहे. तुम्हाला ती स्वतः सांगणार होती, आम्हाला म्हणाली होती, बाबांना फोन करू नका." मग कागद चाळल्याचा आवाज. "परत येण्याचं कारण लिहिलंय बघा: वडील एकटे राहतात."

फोन ठेवल्यावर पडद्यावरचं काही वाचता येईना. दोन बॅगा. कोट. चार दिवस कोण म्हणालं. मी तिला दारात उभं करून पाण्याचा कूलर दाखवत होतो. मोरिता-सान यांनी कॉफीचा कॅन माझ्या टेबलावर ठेवला आणि काही न विचारता आपल्या जागी जाऊन बसले.

८ ऑक्टोबर, बुधवार

बारा वाजता ऑफिसच्या जिन्यात जाऊन फोन लावला. अनुराधानं उचलला. मी म्हटलं, शाळेचा फोन आला होता. मागे चालू असलेला मिक्सर तिनं बंद केला. मग म्हणाली, "ती म्हणाली, आई, त्याला माझी गरज नाहीये, त्यानं खोलीसुद्धा रिकामी केली, आणि तो मजेत आहे. मी काय सांगणार होते, नचिकेत? तू मलाही तेच सांगतोस." आणि केतकीला हाक मारली.

काय बोलायचं ते मी कागदावर लिहून नेलं होतं. ते न वाचता बोललो. "मी मजेत नाहीये. रविवारी तुझा फोन झाला की पुढच्या रविवारपर्यंत मी मराठीत बोलत नाही. घरी आलो की खोलीत जाऊन मशीन लावतो, कारण पंख्यांचा आवाज तरी येतो."

"मग मी विचारलं तेव्हा?"

"खोटं बोललो."

"तीन वेळा विचारलं, बाबा."

"हो."

"आणि बेड?"

"तो तुझ्यासाठीच काढला. तू यावीस म्हणून." हे मोठ्यानं म्हटल्यावर मलाच कसंतरी वाटलं. ती हसली नाही.

"एअरपोर्टवर मी वाट बघत होते," ती म्हणाली. "पाऊण तास. नको जाऊस एवढं म्हणाला असतास तर मी बॅगा घेऊन परत आले असते. आय वॉज रेडी." तिचा आवाज फुटला. तिच्या रडण्याचा आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता.

"आता म्हणतो. ये."

मग ती म्हणाली, "आता नाही जमणार रे. कॉलेजला सांगितलंय, आजीला सांगितलंय. तिनं मी राहणार म्हणून नर्स काढली. बारावीपर्यंत इथेच शिकते. मग बघू. पण रविवारी मला खरं सांगत जा."

"तू रडतोयस का?" तिनं विचारलं. मी सवयीनं नाही म्हटलं, आणि मग हो म्हटलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

अर्धा दिवस रजा घेऊन शाळेत गेलो. गीता मॅडमनी फॉर्म पुढे केला. सही केली. प्रवेश रद्द करण्याचं कारण, असा रकाना रिकामा होता. त्या म्हणाल्या, काहीही लिहा, फॉर्मॅलिटी आहे. बरेच जण घरगुती कारण लिहितात.

मी लिहिलं, वडिलांनी वेळेवर बोलावलं नाही.